रंग कधी येतो? ‘पिंजरा’ आणि ‘प्लेझंटव्हिल’ वर्गात शिकवताना



‘माझे गाव’ हा निबंध वर्गात दिला की काय हाती येतं, ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. माझे गाव खूप सुंदर आहे, गावाच्या मधोमध मंदिर आहे, गावातील सर्व लोक गुण्यागोविंदाने राहतात. चाळीस वह्या, चाळीस मुलं, पण गाव एकच. शेवगाव तालुक्यातल्या वीस वाड्यावस्त्यांवरून मुलं येतात, तरी निबंधातलं गाव बदलत नाही. त्या गावात कधी पाण्याचा टँकर येत नाही, कुणाचं भांडण होत नाही, कुणी रडत नाही.

दोन वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलीनं वेगळं लिहिलं होतं. दिवाळी झाली की आमचं गाव निम्मं रिकामं होतं, आईवडील कोयता घेऊन कारखान्याला जातात, मी आजीजवळ राहते, आमच्या आळीत संध्याकाळी तीनच चुली पेटतात, असं काहीसं. मी लाल पेनानं खाली रेघ मारली आणि लिहिलं, ‘विषयाला धरून लिही. शुद्धलेखन सुधार.’ पाचपैकी दोन गुण दिले. पुढच्या चाचणीत तिनं मंदिर लिहिलं, गुण्यागोविंद लिहिला. मी चार गुण दिले. पोरगी सुधारली म्हणून मला बरंही वाटलं.

आपण काय केलं, हे मला या वर्षी कळलं. नववी-दहावीच्या मुलांसाठी ‘चित्रपट कसा वाचावा’ असा चार तासांचा पाठ तयार करत होते तेव्हा. त्या पाठाचं टिपण इथे देते आहे. कुणाला वापरायचं असेल तर जरूर वापरा, आपल्या वर्गाप्रमाणे बदल करा.

पाठाचा प्रश्न एकच ठेवला होता. एखादं गाव ‘आदर्श’ दिसतं तेव्हा त्यातले रंग कुठे जातात? आणि माणूस बदलतो तेव्हा ते परत कसे येतात?

पहिला तास : ‘पिंजरा’, एक पांढरं गाव

व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ १९७२ सालचा. गुरुजींच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू, चंद्रकलेच्या भूमिकेत संध्या, सोबत निळू फुले. लेखनात अनंत माने आणि शंकर पाटील, गीतं जगदीश खेबुडकरांची, संगीत राम कदमांचं. मूळ कल्पना १९३० च्या ‘द ब्ल्यू एंजल’ या जर्मन चित्रपटाची. तिथला कडक शिस्तीचा मास्तर एका गाणाऱ्या बाईच्या ओढीनं घरदार, नोकरी सोडतो आणि शेवटी स्टेजवर विदूषक होतो.

आदल्या दिवशी मुलांना एवढाच गृहपाठ दिला होता, ‘घरी आजीआजोबांना ‘पिंजरा’बद्दल विचारून या.’ जवळजवळ प्रत्येकाच्या घरी कुणाला ना कुणाला गोष्ट माहीत होती. पाठाला निम्मी मदत इथेच होते.

गोष्ट थोडक्यात अशी. गावात एक तत्त्वनिष्ठ गुरुजी आहेत. गाव त्यांच्या शब्दाबाहेर नाही. तमाशाचा फड येतो, गुरुजी त्याला विरोध करतात. चंद्रकला चिडते आणि या माणसाला खाली ओढायचं ठरवते. पुढे गुरुजी खरोखरच तिच्यात गुंततात. एक खून होतो. प्रेताचा चेहरा ओळखू येत नाही, पण अंगावर गुरुजींचे कपडे असतात. गुरुजीच गेले असं गाव समजतं, हळहळतं आणि त्यांचा पुतळा उभारतं. खरे गुरुजी मात्र फडाबरोबर हलकीसलकी कामं करत गावोगाव हिंडत राहतात. शेवटी पोलीस त्यांना पकडतात, तेही गुरुजींचाच खून केल्याच्या आरोपावरून. खरं सांगितलं तर गावाच्या मनातली मूर्ती फुटेल म्हणून ते गप्प राहतात आणि शिक्षा स्वीकारतात.

आता रंगांकडे या. मुलांना मी दोन-तीन प्रसंग आवाज बंद करून दाखवले. फक्त रंग पाहा म्हटलं. गुरुजी पांढऱ्या कपड्यांत. चंद्रकला आली की नऊवारीचे भडक रंग आणि चमचमणारे काठ. आवाज नसतानाही कोण कुठल्या बाजूचं आहे हे मुलांनी बरोबर सांगितलं.

मग विचारलं, ‘गावानं प्रेत कशावरून ओळखलं?’

‘कपड्यांवरून.’

‘म्हणजे गाव गुरुजींना ओळखत होतं, की पांढऱ्या कपड्यांना?’

इथे वर्ग शांत झाला. मीही. आपण शिक्षक आहोत. गावात, गल्लीत, किराणा दुकानात लोक आपल्याला ‘सर’, ‘मॅडम’ म्हणून ओळखतात. त्या पांढऱ्या कपड्यांचं वजन आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

एका मुलीनं दुसरा प्रश्न काढला आणि तो टिपणात नव्हता. ‘मॅडम, गुरुजी बिघडले तर गुरुजी बिघडले. चंद्रकलेच्या नावानं सगळे खडे का फोडतात?’ प्रश्न रास्त आहे. सिनेमात रंग एका बाईबरोबर येतो आणि दोषही तिच्याच माथी बसतो. हा मुद्दा वर्गात टाळू नका. मुली तो टाळत नाहीत.

दुसरा तास : ‘प्लेझंटव्हिल’, एक काळंपांढरं गाव

‘पिंजरा’नंतर मुलांना एका अमेरिकन चित्रपटाकडे नेलं. गॅरी रॉस यांचा ‘प्लेझंटव्हिल’, १९९८ सालचा. डेव्हिड आणि जेनिफर ही बहीणभावंडं एका जुन्या टीव्ही मालिकेच्या आत जाऊन पडतात. मालिका १९५० च्या दशकातली, कृष्णधवल. तिथलं गाव म्हणजे आपल्या निबंधातलंच गाव! पाऊस पडत नाही. आग लागत नाही, म्हणून अग्निशामक दलाला झाडावरची मांजरं उतरवण्यापलीकडे काम नाही. बास्केटबॉलचा एकही नेम चुकत नाही. ग्रंथालयात पुस्तकं आहेत, पण आतली पानं कोरी. भूगोलाच्या तासाला जेनिफर विचारते, गावातला मुख्य रस्ता संपतो तिथून पुढे काय आहे? शिक्षिकेला प्रश्नच कळत नाही. रस्ता संपतो तिथे तो पुन्हा सुरू होतो, एवढंच तिला माहीत.

या प्रसंगाला आमचा वर्ग खूप हसला. मी थोडी कमी हसले.

गावातल्या खानावळीचा मालक बिल जॉन्सन याचा प्रसंग शिक्षकांनी मुद्दाम पाहावा. त्याच्याकडे काम करणारा मुलगा वेळेवर आला नाही, म्हणून हा काउंटरच पुसत बसलेला. इतकं पुसतो की वरचा थर निघून जातो, कारण पुढचं काम काय ते दुसरं कुणीतरी सांगायचं असतं. डेव्हिड त्याला म्हणतो, मी नसलो तरी तू तुझं काम करू शकतोस. पुढे बिल ती कामं स्वतःच्या क्रमानं करतो आणि लहान मुलासारखा आनंदून ते सांगत सुटतो. ‘मॅडम, समास सोडू का? मॅडम, पुढच्या पानावर लिहू का?’ असं विचारणारी आपली मुलं मला तिथे दिसली.

आता रंग. पहिला रंग दिसतो एका लाल गुलाबाचा. मग हळूहळू माणसं रंगीत होऊ लागतात. प्रेमात पडलं की माणूस रंगीत होतो, असं मुलांना आधी वाटतं. म्हणून फळ्यावर तक्ता करून घेतला : कोण, कधी आणि कशामुळे रंगीत झालं?

जेनिफर : मौजमजा करून ती रंगीत होत नाही. एका रात्री बाहेर न जाता पुस्तक वाचत बसते, सकाळी तिला रंग आलेला असतो.

डेव्हिड : पुस्तकांमुळे नाही, मैत्रिणीमुळे नाही. आईला काही मुलं रस्त्यात त्रास देत असताना तो मध्ये पडतो आणि एकाला ठोसा मारतो, तेव्हा. आयुष्यभर भांडण टाळणाऱ्या मुलाला रंग आला तो दुसऱ्यासाठी उभं राहिल्यावर.

बेटी, म्हणजे मालिकेतली आई : तिला रंग येतो आणि तिला लाज वाटते. डेव्हिड तिच्या चेहऱ्यावर राखाडी मेकअप लावून देतो. पुढे बिल तो हळूच पुसतो.

जॉर्ज, बेटीचा नवरा : बायको गेल्यावर जेवण कुठे आहे एवढाच त्याचा प्रश्न असतो. शेवटी कोर्टात डेव्हिड त्याला बेटीची आठवण करून देतो. फक्त तिच्या हातच्या जेवणाची नाही, तिची. त्याला रडू येतं आणि रंग येतो.

गावाचा प्रमुख : त्याला रंग येतो तो रागामुळे!

तक्ता पूर्ण झाल्यावर मुलांनी स्वतःच निष्कर्ष काढला. रंग म्हणजे प्रेम नाही, आनंद नाही, चांगुलपणाही नाही. आतलं खरं बाहेर आलं की रंग येतो. ते रडू असेल, राग असेल, लाज असेल. आणि प्रत्येकाला तो वेगळ्या गोष्टीनं येतो. जे आधीच खूप बोलतात त्यांना कदाचित गप्प बसून वाचल्यानं, जे नेहमी गप्प असतात त्यांना एकदा बोलल्यानं.

या चित्रपटाची एक तांत्रिक गोष्ट मुलांना जरूर सांगा. कृष्णधवल भाग असा दिसण्यासाठी चित्रपट आधी रंगीत चित्रित केला होता. नंतर संगणकावर हवा तिथला रंग काढून टाकला. म्हणजे पडद्यावर माणसाला ‘रंग येतो’ असं आपल्याला दिसतं, पण तो तिथे पहिल्यापासून होता. रंग भरला नव्हता, काढला होता.

हे सांगताना मला ती आठवीतली वही आठवली. तिच्या निबंधात रंग होता. तो मी काढला. लाल पेनानं.

तिसरा तास : पाटी, दगड आणि पाणवठा

‘प्लेझंटव्हिल’मध्ये रंगीत झालेल्या लोकांना दुकानात येऊ नका म्हणून पाटी लागते. पुस्तकं जाळली जातात. बिलनं दुकानाच्या काचेवर काढलेलं चित्र लोक फोडतात. मग नियम होतो की चित्रात काळा, पांढरा आणि राखाडी एवढेच रंग वापरायचे. कोर्टात रंगीत लोक वरच्या गॅलरीत, बाकीचे खाली. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना वेगळं बसवण्याचा जो इतिहास आहे, त्याची ही सरळ आठवण आहे.

इथे मुलं म्हणतात, ‘अमेरिकेत असं होतं.’ तेवढ्यावर तास संपवू नका. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर काय झालं, हे त्यांना इतिहासात आहेच. तो धडा इथे उघडायचा. आपल्याकडे पाटी लावायची गरजही नव्हती, पाणवठा सगळ्यांना माहीत होता.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ही याच धाग्यात बसतो. तो २०१४ च्या फेब्रुवारीत चित्रपटगृहांत आला. जब्या नावाचा सावळा, कैकाडी समाजातला मुलगा काळ्या चिमणीमागे फिरतो. तिची राख टाकली की शालूचं आपल्यावर प्रेम बसेल, असा त्याचा विश्वास. तोंडाला पावडर लावून तो गोरा होऊ पाहतो. ‘प्लेझंटव्हिल’मध्ये बेटी राखाडी मेकअपखाली रंग झाकते, ‘फँड्री’त जब्या पावडरीखाली. दोघांना रंगाची लाज कुणी शिकवली? हा प्रश्न मी फळ्यावर लिहिला आणि उत्तर मागितलं नाही. काही प्रश्न घरी न्यायला द्यावेत.

‘फँड्री’च्या शेवटी जब्या सरळ प्रेक्षकांकडे दगड भिरकावतो. ‘प्लेझंटव्हिल’मध्ये रंगाविरुद्ध हात उगारतं ते गाव. इथे दगड त्या गावाकडे परत येतो. एवढा फरक मुलांच्या नजरेला आणून दिला तरी पुरे.

मग गाव आदर्श असूच नये का?

हा प्रश्न एका मुलानं विचारला, आणि आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात तो विचारायलाच हवा. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही आदर्श गावं म्हणून देशभर माहीत असलेली नावं आपल्याच जिल्ह्यातली.

पण ही गावं बदलली कशी? सगळं छान आहे असं म्हणून नाही. दुष्काळ आहे, दारू आहे, पोटासाठी लोक गाव सोडून जात आहेत, हे आधी कबूल केलं. हिवरे बाजारात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला, पाणी किती आहे, कुठलं पीक परवडेल, हे सगळ्या गावासमोर. पाणी कमी असेल तर कमी आहे असं सांगतात. निबंधातल्या गावात आणि या गावात हाच फरक आहे. निबंधातलं गाव उणं लपवतं. हे गाव उणं मांडतं आणि मग कामाला लागतं.

‘पिंजरा’तलं गाव मात्र पुतळा उभारून थांबतं. तिथे माणूस बदलतो, पण गावाला ते कळतच नाही. ‘प्लेझंटव्हिल’मध्ये एकेक माणूस बदलत गेला आणि शेवटी गाव बदललं, कारण तिथे बदल लपवता येईना, तो चेहऱ्यावर दिसत होता.

‘गुरुजींनी गावाला खरं सांगायला हवं होतं का?’ यावर वर्ग उभा फुटला. मुलगे बहुतेक म्हणाले, नको, गावाचा विश्वास गेला असता. मुली म्हणाल्या, सांगायला हवं होतं, दगडाच्या पुतळ्यापेक्षा चुकलेला माणूस बरा. मी निकाल दिला नाही. माझं मत विचाराल तर ते मुलींच्या बाजूनं आहे.

चौथा तास : कपाशीचं फूल

शेवटच्या तासाला मी विचारलं, ‘आपल्या आजूबाजूला कुठली गोष्ट रंग बदलते?’ आकाश, सरडा, पिकलेली बोरं अशी उत्तरं आली. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो सहसा बोलत नाही, म्हणाला, ‘कपाशीचं फूल. पहिल्या दिवशी पांढरट असतंय, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतंय. मग गळून पडतंय आणि बोंड धरतंय.’

शेवगावच्या पोराला हे कुणी शिकवायला नको. खुरपायला, कापूस वेचायला सगळी जातात. मी म्हटलं, ‘मग ते गुलाबी झालेलं फूल खराब झालं असं म्हणायचं का?’ तो म्हणाला, ‘नाय मॅडम. त्याशिवाय बोंड कसं येईल?’

चार तासांत मला जे सांगायचं होतं, ते त्यानं दोन वाक्यांत सांगितलं. त्याच दिवशी मी वर्गात माझी चूकही सांगितली. मुलीचं नाव न घेता. एका निबंधाला मी दोन गुण दिले होते आणि ते चुकीचे होते, म्हणून सांगितलं. ती आता दहावीत आहे, त्याच वर्गात बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

तास सुटल्यावर ती टेबलाशी आली. म्हणाली, ‘मॅडम, बोर्डाला मी मंदिराचंच लिहिणार आहे हं.’ मी म्हटलं, ‘लिही.’ काय सांगणार? पेपर तपासणारी व्यक्ती माझ्यासारखीच असेल, तर तिचे गुण जातील. ते गुण तिला हवेत. तिला पुढे शिकायचं आहे, कोयता घ्यायचा नाही.

पण दोन दिवसांनी तिनं एक पान आणून दिलं. त्यात चुली होत्या. आजी होती. आईचा फोन लागत नाही तेव्हाची संध्याकाळ होती. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका तेवढ्याच होत्या. मी लाल पेन बाजूला ठेवलं आणि पेन्सिलीनं खाली एक प्रश्न लिहिला, ‘तू आणि आजी तेव्हा काय बोलता?’ उत्तराची वाट पाहते आहे.

शिक्षकांसाठी

• दोन्ही चित्रपट पूर्ण दाखवायची गरज नाही. चार-पाच प्रसंग निवडा, ते आधी स्वतः पाहा. ‘प्लेझंटव्हिल’मधले काही प्रसंग मोठ्यांसाठीचे आहेत, ते वगळा. नववीच्या खाली हा पाठ घेऊ नका.
• एखादा प्रसंग आवाज बंद करून दाखवा. रंगांकडे लक्ष जायला याइतका सोपा उपाय नाही.
• ‘पांढरा म्हणजे शांती, लाल म्हणजे क्रांती’ अशी यादी देऊ नका. रंगाचा अर्थ गोष्टीतून येतो. गुरुजींचा पांढरा आणि कापसाचा पांढरा एक नाही.
• शेवटी निबंध द्या : ‘माझ्या गावातली न दिसणारी गोष्ट’. त्याला गुण देऊ नका, वर्गात मोठ्यानं वाचू नका. शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या कागदावर घ्या.
• मुलानं घरातलं काही गंभीर लिहिलं, तर ते स्टाफरूममध्ये चर्चेचा विषय करू नका. आधी त्या मुलाशी बोला.

पालकांसाठी

एका वडिलांनी मला विचारलं, ‘मॅडम, सिनेमे दाखवून पोरांचा अभ्यास होतो का?’ प्रश्न योग्य आहे. त्यांना एवढंच म्हटलं, आज घरी गेल्यावर पोराला ‘आज काय शिकवलं’ असं विचारू नका. ‘आज कशाचा राग आला’ किंवा ‘आज कशाचं हसू आलं’ असं विचारा. आणि जे सांगेल ते मध्येच दुरुस्त करू नका. आपलं घर बाहेरच्यांना छान दिसावं असं प्रत्येकाला वाटतं, त्यात गैर नाही. पण निदान घरात तरी पोराला राखाडी मेकअप लावायला लागू नये.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलं काय म्हणाली ते नक्की कळवा.